कायदा वाटा देतो, आधार नाही

‘कायदा सारखा वाटा देतोच, मग मृत्युपत्र कशाला?’ हा एका पत्रलेखकाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलं आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. वडील वारसांच्या या पहिल्या वर्गात नाहीत. रावेरची केळीबाग मुलाच्या नावावर असेल आणि तो पत्नी-मुलं मागे ठेवून गेला, तर तिथं राबलेल्या म्हाताऱ्या बापाच्या हाती काहीच येत नाही. मृत्युपत्र नसेल, तर अपत्यहीन विधवेची स्वतःची कमाईही पतीच्या वारसांकडे जाते. सासरनं हाकललेल्या अशाच एका नोकरदार विधवेच्या मिळकतीवर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सासरच्यांचाच हक्क मानला.

मृत्युपत्रानं लेकींना डावलतात, हा आक्षेप रास्त आहे. पण मृत्युपत्र नसलं तरी जळगाव-धुळ्यात बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतंच, आणि माहेर तुटेल या धाकानं त्या सही करतात. बापानं मृत्युपत्रात गट नंबर घालून लेकीचा वाटा लिहून ठेवला, तर तिला मागावं लागत नाही. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःचा हिस्साच असा देता येतो. मृत्युपत्राला साधा कागद नि दोन साक्षीदार पुरतात. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्तीही नाही. तरी शिरपूर असो की चोपडा, नोंदणी करून ठेवावी, म्हणजे सहीवरून वाद घालणं अवघड होतं.

– एक वाचक, धुळे