प्रयोगशाळेतही प्रतिनिधित्व हवे

प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की आपल्या समाजाच्या डोळ्यांसमोर विधिमंडळ, न्यायालय, नोकरी आणि शिक्षणसंस्था येतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु माणसाचे आरोग्य व त्याची कार्यक्षमता यांविषयीचे कितीतरी निर्णय आज विद्यापीठांच्या आणि उद्योगांच्या प्रयोगशाळांत होतात, आणि त्या जागेचा विचार आपण क्वचितच करतो. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांस तोच विचार मांडावयाचा आहे.

प्रथम इतिहासाकडे पाहू. १९२७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात थकव्याचा अभ्यास करणारी ‘फटीग लॅबोरेटरी’ सुरू झाली. ती होती बिझनेस स्कूलच्या तळघरात. उद्योगाला कामगाराच्या थकव्यात रस का होता, हे त्यावरूनच कळते. श्रम करताना माणसाच्या रक्तात, श्वासात आणि हृदयात काय घडते, याचे तेथे मापन झाले. १९४७ साली बंद होईपर्यंत या प्रयोगशाळेने मोलाचे ज्ञान निर्माण केले. परंतु थकवा मोजल्याने कामाचे तास आपोआप कमी होत नाहीत. त्याच काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती मांडली आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. श्रमिकांचे दुःख जाणणारा माणूस निर्णयाच्या जागी असला की काय घडते, त्याचे हे उदाहरण आहे.

आता आपल्या काळातील एक साधे यंत्र घेऊ. करोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचले. त्याचे मूळ तत्त्व १९७४ साली निहोन कोहडेन या जपानी कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी मांडले. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जातो. प्राणवायूने युक्त रक्त आणि प्राणवायू कमी असलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्या फरकावरून आकडा काढला जातो. मात्र त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना धमनीतील रक्ताच्या तपासणीत प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी निघाले, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत आढळले. कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ते ११.७ टक्के होते. ज्याला प्राणवायू तातडीने द्यावयास हवा, त्याला यंत्र ‘तुम्ही ठीक आहात’ असे सांगत होते.

हे कोणी मुद्दाम केले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या २०१३ च्या सूचना पाहाव्यात. यंत्राच्या चाचणीसाठी किमान १० निरोगी व्यक्ती घ्याव्यात आणि त्यांत गडद वर्णाच्या किमान २ किंवा १५ टक्के असाव्यात, एवढीच अपेक्षा त्यांत होती. प्रकाशाला जात नसते, वंश नसतो. चाचणीसाठी कोणाची बोटे निवडावयाची, हे मात्र माणूस ठरवतो. भारतातही त्वचेच्या असंख्य छटा आहेत. म्हणून परदेशातील हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही.

याच्या उलट एक आशादायक उदाहरण आपल्या देशात आहे. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी सेप्टिक टाक्यांत आणि गटारांत उतरून माणसे गुदमरून मरतात. ही माणसे कोणत्या समाजाची असतात, हे वाचकांस सांगावयास नको. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई आवश्यक आहे. पण मरण टळणे त्याहून आवश्यक आहे. मद्रास आयआयटीतील संशोधकांनी ‘होमोसेप’ नावाचे यंत्र घडविले. त्याची फिरती पाती टाकीतील घट्ट गाळ फोडतात, मग तो शोषून घेतला जातो; माणसाला आत उतरावे लागत नाही. या कामात उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी होता आणि सफाई कर्मचारी आंदोलनाचा सहभागही होता. पहिली यंत्रे ज्या स्वयंसहाय्यता गटांना मिळाली, त्यांचे नेतृत्व सफाईकामात पती गमावलेल्या महिलांकडे होते. यंत्र आल्याने रोजगार जाईल, ही भीती रास्त आहे. तिचे उत्तरही येथेच आहे. यंत्राची मालकी कष्टकऱ्याकडे आली, तर रोजगार राहतो आणि जीवही वाचतो.

खेळाडूंचा घाम, सैनिकांची झोप, अंतराळवीरांची हाडे यांवर आज जगभर संशोधन चालते. ते चालावेच. मात्र ऊसतोड करणाऱ्या बाईच्या पाठीचे, वीटभट्टीवरील मजुराच्या फुप्फुसांचे आणि गटारात उतरणाऱ्याच्या श्वासाचे प्रश्न तितक्याच तत्परतेने प्रयोगशाळेत पोहोचत नाहीत. ज्यांनी हे जीवन जवळून पाहिले आहे, ते संशोधकांच्या खुर्चीवर बसल्याशिवाय ते पोहोचणार नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या शाळेतील मुलांनी डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावे, ही पालकांची इच्छा योग्यच आहे. तिला आम्ही एक जोड सुचवितो: त्यांतील काहींनी संशोधक व्हावे. शरीरशास्त्र, वैद्यकीय अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्र या वाटा त्यांना ठाऊक असाव्यात. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीची माहिती दहावीपासून कानांवर पडावी. जे माजी विद्यार्थी आज रुग्णालयांत, महाविद्यालयांत वा कंपन्यांत आहेत, त्यांनी वर्षातून एकदा तरी विज्ञान शाखेच्या मुलांना आपले काम प्रत्यक्ष दाखवावे. आणि नवे यंत्र हाती आले की ते कोणावर तपासले गेले, त्यांची संमती होती काय, हे विचारण्याची सवय मुलांना लागावी. केवळ परंपरा वा अधिकार यांच्या भरवशावर काही स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश यंत्रांनाही लागू आहे.

अतिसाराने पीडित, एकाकी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले. ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, त्याच्याकडे ते प्रथम गेले. आपल्या शाळेतून निघालेली विद्या त्याच दिशेने जावी, एवढीच अपेक्षा.

जय भीम, नमो बुद्धाय.