अंजारची गल्ली

दरवर्षी २६ जानेवारीला तुमच्या शाळेची प्रभातफेरी निघत असेल. २००१ साली गुजरातमधील कच्छ जिल्ह्यातल्या अंजार शहरातही शाळकरी मुलांची अशीच फेरी निघाली होती. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी ती जुन्या वस्तीतील एका अरुंद गल्लीतून चालली होती. त्याच वेळी धरणी हादरली आणि दोन्ही बाजूंची घरे गल्लीत कोसळली. त्या ढिगाऱ्याखाली १८५ मुले आणि २० शिक्षक मृत्युमुखी पडले.

त्या दिवशी गुजरातमध्ये १३,००० हून अधिक माणसे गेली. पण मला राहून राहून त्या गल्लीचीच आठवण येते. ही मुले त्या क्षणी मोकळ्या मैदानात असती, तर बहुतेक सर्व जण घरी परतली असती.

"भूकंप सांगून येत नाही. माणूस काय करणार?" असे पुष्कळ लोक म्हणतात. दिवस आणि वेळ कोणी सांगू शकत नाही, हे खरेच आहे. परंतु अंजारला भूकंप नवा नव्हता. १८१९ साली कच्छमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा भुज आणि अंजार येथे पुष्कळ घरे पडली. त्याच वेळी कच्छच्या रणात जमीन वर उचलली जाऊन कित्येक मैल लांबीचा बांध तयार झाला. माणसाने न बांधलेल्या या बांधाला लोकांनी 'अल्लाह बंद' असे नाव दिले. पुढे १९५६ साली अंजार पुन्हा हादरले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. सरकारी नकाशातही कच्छ सर्वांत धोक्याच्या विभागात दाखवलेले होते. म्हणजे नकाशाला सारे ठाऊक होते. भिंतींना मात्र कोणी काही सांगितले नव्हते!

जुन्या घरांच्या त्या भिंती कशा असत? आत आणि बाहेर दगडांचा एकेक थर, मधे मातीचा भराव. दोन्ही थरांना जोडणारा लांब दगड क्वचितच घातलेला. अशी भिंत वरचे वजन वर्षानुवर्षे पेलते, पण आडवा हिसका बसला की तिचे दोन्ही थर फुगून वेगळे होतात. मग छप्पर खाली येते.

मात्र जुने ते सगळे वाईट, असे समजू नका. त्याच भूकंपात दूरच्या अहमदाबाद शहरात अनेक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि तिथल्या पोळांमधील लाकडी चौकटीची जुनी घरे बरीचशी टिकली. कच्छच्या खेड्यांतील मातीचे गोल भुंगेही टिकले. घराचे वय किती, यापेक्षा त्याचे भाग एकमेकांना कसे बांधले आहेत, हे महत्त्वाचे.

आता जमिनीखाली पाहू. खडकांना पडलेल्या ज्या मोठ्या भेगेवर खडक सरकतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. जो प्रस्तरभंग अजूनही हालचाल करू शकतो, तो जागृत. त्याचा अभ्यास करणारे लोक भेगेवर आडवा चर खणतात. चराच्या भिंतीत मातीचे थर दिसतात. एखादा थर मधेच तुटून खालीवर झाला असेल, तर तिथे पूर्वी भूकंप झाला होता असे कळते. थर किती जुना, हे वाळूच्या कणांवरून किंवा कोळशाच्या तुकड्यांवरून ठरवता येते. भुजच्या दक्षिणेला कात्रोल टेकड्यांजवळ अशा भेगेचा अभ्यास झालेला आहे. पण काही भेगा फार लबाड असतात. २००१ चा भूकंप घडवणारी भेग जमिनीवर उघडी पडलीच नाही.

आपल्या महाराष्ट्रात याच्या उलट घडले. १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो लोक झोपेतच गाडले गेले. तिथे भेगेचे ज्ञान कमी पडले. अंजारला ज्ञान होते, पण ते त्या गल्लीपर्यंत पोहोचले नाही.

म्हणून मला वाटते, चर खणणाऱ्या शास्त्रज्ञाला पैसा द्यावा, पण त्याचा अहवाल कपाटात ठेवू नये. तो नगरपालिकेच्या अभियंत्याच्या टेबलावर यावा. जुन्या भिंतींना पट्टे बांधणे, छप्पर भिंतीशी जोडणे, सैल कठडे उतरवणे, ही कामे नवी इमारत बांधण्यापेक्षा स्वस्त आहेत. पण खर्च कोणी करायचा? घरमालक म्हणतो, भाडे तुटपुंजे आहे. भाडेकरू म्हणतो, मी गरीब आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग इमारतीवर 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवली जाते. राहणाऱ्यांना दुसरी जागा नसते, म्हणून ते तिथेच राहतात. नोटीस म्हणजे दुरुस्ती नव्हे. इथे सरकारनेच हात पुढे केला पाहिजे.

भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहरात रस्ते रुंद करण्यासाठी लोकांनी आपल्या जागेचा काही भाग सोडला. किती जड गेले असेल ते त्यांना! वाडवडिलांची जागा सोडणे सोपे नसते.

तुमच्या शाळेची पुढची प्रभातफेरी कोणत्या रस्त्याने जाणार आहे? एकदा त्या रस्त्याने सावकाश चाला आणि वर पाहा. कठड्याचे दगड सुटले आहेत का? भिंतीला पोट आले आहे का? काही दिसले, तर गुरुजींना सांगा आणि फेरी रुंद रस्त्याने न्यायला लावा.