प्रतीक्षेचा रक्तदाब

गेल्या महिन्यात एक परिचित गृहस्थ तपासणीस आले. रक्तदाब १६४/९८. गोळ्या नियमित, मीठ बेताचे; मग वाढ कशाची? पत्नी औषधे आणावयास बाहेर गेल्यावर ते बोलते झाले. (त्यांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे.)

तरुणपणी पतपेढीतील अपहाराच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली होती. आता अमेरिकेत कन्येचे बाळंतपण आहे. व्हिसाच्या अर्जात त्यांनी ती शिक्षा लपविली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. अशा अर्जदारास अपात्रतेतून तात्पुरती सूट मिळू शकते. वकिलात शिफारस करते, निर्णय तेथील सीमा संरक्षण विभाग घेतो. गुन्ह्याचे गांभीर्य, समाजाला संभवणारा धोका आणि प्रवासाचे कारण, हे निकष १९७८ च्या एका निवाड्यापासून चालत आले आहेत. उत्तरास मात्र कित्येक महिने लागतात.

रात्री दोनला उठून ते मोबाइलवर अर्जाची स्थिती पाहत. झोपेची गोळी मागितली. मी दिली नाही. तिची सवय काही आठवड्यांतच जडते. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवावा, अर्जाची चौकशी केवळ सोमवारी सकाळी करावी, दुपारनंतर चहा नको, आणि रक्तदाब पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावरच मोजावा, एवढेच सांगितले.

“जावईबापूंना यातले काही ठाऊक नाही, डॉक्टर,” ते निघताना म्हणाले. त्यावर माझ्यापाशी औषध नव्हते.

परवा पुन्हा आले. १४२/८८. उत्तर अद्याप आलेले नाही. जावयांशी मात्र ते फोनवर तासभर बोलले होते.