मामांच्या ट्रकची काच

मामांचा जुना ट्रक टाटा-मर्सिडीजच्या काळातला. टेल्को आणि डायम्लर-बेंझचा तो करार १९५४चा, १९६९ला संपला. पुढची तडकलेली काच आम्ही अंगणातच बदलली.

आधीच सांगतो, हे फक्त रबरात बसवलेल्या काचेचं. हल्लीच्या गाड्यांत काच चिकटवतात आणि छताला, एअरबॅगला तिचा आधार असतो. त्या वाटेला घरी जाऊ नका.

जुनं रबर वाचवत बसू नका, सरळ कापा. हातमोजे, चष्मा घालून दोघांनी काच उचला. खरं काम पुढे आहे. पत्र्याची कड गंजलेली असते आणि गंज फुगलेल्या जागी नव्या काचेवर ताण येऊन ती तडकते. घासा, प्रायमर-रंग लावा, पूर्ण वाळू द्या. (यात दोन दिवस जातात हे मामांना अजून पटलेलं नाही.)

काच लॅमिनेटेडच घ्या. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात.

रबर काचेवर चढवा. त्याच्या बाहेरच्या खाचेत मजबूत दोरी भरा, टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन केबिनमध्ये सोडा. साबणाचं पाणी लावा. बाहेरून एकाने तळहातांनी दाबायचं, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. कोपऱ्यात अडलं तर आणखी साबणपाणी. हातोडी दूर ठेवा.

शेवटी नळीने पाणी मारलं. डाव्या कोपऱ्यातून थेंब आला, तिथे रबराखाली सीलंट भरलं. पाऊस बेळगावचा आहे, बघू.