सल्लेखना हवी म्हणता ना? मग आधी हा कागद करा



मागच्या रविवारी मंदिरात स्वाध्याय संपला आणि आम्ही सात-आठ जणी बाहेर चपला शोधत बोलत उभ्या होतो. कुणाच्या तरी सासऱ्यांना आयसीयूत ठेवल्याचा विषय निघाला. मी विचारलं, "आपल्यापैकी किती जणींनी लिव्हिंग विल करून ठेवलंय?" कुणीच बोललं नाही. मग एका ज्येष्ठ काकूंनी विषय मिटवला. "आपल्याला कशाला तो कोर्टाचा कागद? आपल्याकडे सल्लेखना आहे."

सगळ्यांच्या माना हलल्या. वडीलधाऱ्यांना मंदिराच्या दारात उलट बोलणं बरं नाही, म्हणून मी गप्प बसले. पण घरी येऊन पोळ्या लाटतानाही ते वाक्य डोक्यातून जाईना. काकू, तुम्ही हे वाचाल याची खात्री आहे, रागावू नका. माझं म्हणणं तुमच्या बरोबर उलट आहे. जिला समाधिमरण हवंय, तिला हा कागद इतर बायकांपेक्षा जास्त लागतो.

सल्लेखना घेतो कोण? ज्याला शुद्ध आहे तो. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची कारणं सांगितली आहेत : उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण, आणि ज्यावर उपाय उरला नाही असा आजार. आणि ती कशी घ्यायची तेही सांगितलंय. आधी वैर आणि मोह सोडायचा, घरच्यांची, परिचितांची क्षमा मागायची, आपल्या दोषांची आलोचना करायची, मग एकेक आहार कमी करत जायचं. यातली कुठली गोष्ट झोपेचं इंजेक्शन देऊन, तोंडात नळी घालून, हात पलंगाला बांधलेल्या बाईला करता येईल?

आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दृष्टी जात चालली, जीवदया पाळून चालणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी स्वतः ठरवलं आणि स्वतः सांगितलं. आजच्या डोंबिवलीतली ऐंशीची आजी पहाटे बाथरूममध्ये पडते, तासाभरात अँब्युलन्समध्ये असते, आणि तिथून पुढे तिच्याबद्दलचं सगळं दुसरे ठरवतात. सल्लेखनेची भावना तिच्या मनात असते. ती मनातच राहते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरात हे झालंय.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. मूळच्या सांगलीकडच्या, लग्नानंतर पंचावन्न वर्षं डोंबिवलीत. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही, हा नियम त्यांनी तीन बाळंतपणांनंतर घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. ब्रेन हॅमरेज झालं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. आम्ही त्यांना ठाण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शुद्धीवर येण्याची आशा जवळजवळ नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आम्ही ठरवणार कसं? आमच्या ह्यांना वाटत होतं आईला त्रास नको. अमेरिकेतले धाकटे भावजी फोनवर ओरडत होते, "काहीही करा, पैसे मी पाठवतो." वन्सं इचलकरंजीहून आल्या आणि रडत म्हणाल्या, "आक्का मला म्हणाली होती, नाकातोंडात नळ्या घालू देऊ नकोस, मला णमोकार ऐकव." भावजींनी विचारलं, "कधी म्हणाली? तुलाच कशी म्हणाली?" पुरावा काय होता? माजघरात मटार सोलता सोलता झालेलं बोलणं.

१९ दिवस आक्का व्हेंटिलेटरवर होत्या. एकदा रात्री मी भेटायला आत गेले तेव्हा सिस्टर नाकातल्या नळीतून पातळ अन्न सोडत होत्या. घड्याळात अकरा वाजले होते. त्या सिस्टरचा काही दोष नाही, ती तिचं काम मन लावून करत होती. डॉक्टरांचाही दोष नाही. ते रोज विचारत होते आणि आमच्याकडे रोज उत्तर नव्हतं. मी फक्त त्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. आक्का गेल्यानंतर वन्सं आणि भावजी वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. क्षमावाणीच्या दिवशीसुद्धा नाही.

एक पानभर मजकूर असता तर यातलं बरंच टळलं असतं.

अरुणा शानबाग हे नाव आपल्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. हळदीपूरहून मुंबईला आलेली, परळच्या केईएम रुग्णालयातली नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, साखळीने गळा आवळला, आणि ती मेंदू निकामी होऊन पडली. केईएमच्या नर्सेसनी तिची जी सेवा केली तिला मी हात जोडते. पिंकी विराणी यांनी तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला आता असं ठेवू नये. नर्सेस म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि तिच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या लोकांचा मानला. १८ मे २०१५ ला ती न्यूमोनियाने गेली. दोन्ही बाजूंच्या बायका तिच्यावर प्रेम करणाऱ्याच होत्या. पण अरुणाला स्वतःला काय हवं होतं, याचा तिचा एक शब्द कुणाकडे नव्हता. ती तेव्हा पंचविशीतली मुलगी होती, तिने तो लिहून ठेवावा असा कायदाही नव्हता. आपल्यासाठी आज आहे.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान माणूस आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवू शकतो. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कुणी फिरकलं नाही. शेवटी आयसीयूत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने नियम सोपे केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

आता आक्षेप घेते, कारण ते मला रोज ऐकावे लागतात.

पहिला : हे अशुभ आहे, असं लिहिलं की मरण ओढवतं. मैत्रिणींनो, आपण आयुकर्म मानतो ना? मग नोटरीच्या शिक्क्याने आयुष्य कमी होईल असं म्हणताना आपला धर्म कुठे जातो? मेडिक्लेम काढताना नाही वाटत अशुभ.

दुसरा : ही आत्महत्या झाली. नाही. वर्तमानपत्रात 'इच्छामरण' असा मथळा येतो आणि सगळा घोळ होतो. इंजेक्शन देऊन कुणाला मारणं भारतात आजही गुन्हा आहे आणि या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही. बरं होण्याची आशा संपल्यावर, फक्त मरण लांबवणारे उपचार नकोत, एवढंच हा कागद म्हणतो. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार आहेत. त्यातला एक जीविताशंसा, म्हणजे जगण्याची हाव. आणि लगेच पुढचा मरणाशंसा, म्हणजे लवकर सुटावं ही इच्छा. दोन्ही दोषच. आपला कागद या दोन्हींच्या मधला असावा. "मला मारा" असंही नाही, "काहीही करून ठेवा" असंही नाही.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो : उद्या मुलंच बिल वाचवायला किंवा फ्लॅटसाठी म्हातारीची सही घेतील. घेतीलही. अशी घरं आपल्यात नाहीत असं म्हणायला मी धजणार नाही. म्हणूनच कागद दाखवला आणि यंत्र बंद केलं असं होत नाही. आधी रुग्णालयाचं मंडळ बसतं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. आणि कागद तुम्ही कधीही लेखी रद्द करू शकता, बदलू शकता. पण एक नियम माझा स्वतःचा : दुसऱ्याने टाइप करून आणलेल्या कागदावर सही करू नका. कच्चा मजकूर आपल्या अक्षरात, आपल्या मराठीत लिहा.

आणि आता ज्याचा मला खरा राग येतो ते. घरात कुणाला कुठली गोळी किती वाजता, कुणाला कशाची ॲलर्जी, मागचा रिपोर्ट कुठल्या पिशवीत, हे सगळं आपल्याला पाठ. रुग्णालयात रात्री बाकावर आपणच. पण सहीची वेळ आली की हाक येते, "मुलाला बोलवा." आक्कांच्या वेळी वन्संना कुणी विचारलंच नाही. या कागदात तुमच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावं तुम्हीच लिहायची असतात, एकाहून जास्त लिहिता येतात. तिथे मुलगी चालते, सून चालते, बहीण चालते. जी तुम्हाला ओळखते आणि जी दबावाखाली डगमगणार नाही तिचं नाव घाला, आणि आधी तिला विचारा.

मी माझा कागद कसा केला ते सांगते. काय नको ते लिहिलं : बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, डायलिसिस नको. काय हवं तेही तितकंच स्पष्ट लिहिलं : हाड मोडलं, न्यूमोनिया झाला, बरी होण्यासारखी असेन तर सगळे उपचार करा. वेदना कमी करा, पण शक्य तेवढी जागृती राहू द्या. मग वेगळ्या पानावर घरच्यांसाठी : सूर्यास्तानंतर मुखाने किंवा नळीने काही देऊ नका, शेवटच्या आजारात घरी न्या, णमोकार म्हणा, नेत्रदान करा. हे दुसरं पान कायद्याचं नाही, पण मुलांना काय करावं हे कळेल.

माझे दोन साक्षीदार शेजारच्या इमारतीतले, नात्यातले नाहीत. नोटरी ठाण्याच्या कोर्टनाक्यावर भेटतात, कल्याण कोर्टाजवळही भेटतात. एक प्रत नावं घातलेल्या दोघींना, एक आमच्या फॅमिली डॉक्टरांना. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा कागद केला, तो जपायला कुणीच नाही असं दिसल्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर आपल्या राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनीच ३१ मे २०२४ ला स्वतःचा कागद करून सुरुवात करून दिली. मी प्रत द्यायला गेले त्या कार्यालयात पहिल्या दोन टेबलांवर कुणाला याची माहिती नव्हती. मी बसून राहिले. पोचपावती घेऊनच उठले. तुम्हीही बसा.

आणि मूळ कागद लॉकरमध्ये ठेवू नका! रात्री दोनला लॉकरची किल्ली कुणी शोधत नाही. औषधांच्या फाइलमध्ये, मेडिक्लेमच्या कार्डाशेजारी ठेवा. मुलांच्या फोनमध्ये फोटो पाठवा.

१० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा गुन्हा ठरवला, तेव्हा आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला होता. दुकानं बंद ठेवली, मूक मोर्चे निघाले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि आपण पेढे वाटले. हक्क राखला म्हणून मलाही आनंद झाला होता. पण त्या मोर्च्यातून घरी येऊन स्वतःचं मरण कसं असावं हे किती जणींनी घरच्यांना सांगितलं? आक्कांनी नव्हतं सांगितलं. म्हणजे सांगितलं होतं, पण एकट्या लेकीला, मटार सोलताना.

दशलक्षण पर्व जवळ येतंय. क्षमावाणीला घरातले सगळे एकत्र बसतात, लांबचे फोनवर येतात. त्या दिवशी मिच्छामि दुक्कडम् म्हणून झालं की चहाआधी हा विषय काढा. पहिल्यांदा मुलं "आई, काहीतरीच काय" म्हणतील. बोलू द्या त्यांना. मग कागद पुढे ठेवा आणि वाचून दाखवा.

काकू, पुढच्या रविवारी मी माझी प्रत स्वाध्यायाला घेऊन येते. तुम्ही चष्मा आणा.