जावा की कोटलिन?

बारावी झाली, मुलानं कॉम्प्युटरची वाट धरली, की घरात नवा वाद सुरू होतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं मराठी घर असो की पुण्यातलं, प्रश्न एकच. क्लासवाले म्हणतात, ‘जावा जुनी झाली, कोटलिन शिका.’ कॉलेजात शिकवतात जावा. मग फी कशाची भरायची?

रायपूरला एनआयटी आहे, नवा रायपूरला २०१५ पासून ट्रिपल आयटी आहे. पण तिथे प्रवेश मिळतो मोजक्यांना. बाकीच्यांची भिस्त खासगी कॉलेजवर आणि क्लासवर. त्यामुळे निवड चुकली, तर पैसा जातोच, वर्षही हातचं जातं.

जावा १९९५ साली बाजारात आली. अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉस्लिंग यांच्या चमूनं ती घडवली. जेटब्रेन्स कंपनीची कोटलिन २०११ मध्ये जाहीर झाली आणि २०१६ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. गंमत म्हणजे दोन्ही नावं बेटांची! एक इंडोनेशियातलं, दुसरं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गजवळचं.

कोटलिनचं कौतुक उगीच नाही. जावात दहा ओळी लागतात ते काम ती बरेचदा दोन-तीन ओळींत करते. शिवाय ती सावध आहे. डबा रिकामा असेल हे गृहिणीला आधी कळलं, तर फोडणीच्या वेळी धांदल होत नाही. तसंच कुठली माहिती रिकामी असू शकते, हे कोटलिन आधीच लिहून घेते. जावात हे राहून गेलं, तर चालता प्रोग्रॅम मध्येच बंद पडू शकतो. गूगलनं २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिनला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये पहिली पसंतीही.

मग जावाचे दिवस भरले का? मुळीच नाही. या दोघी एकाच स्वयंपाकघरातल्या सासू-सुना. दोघींत लिहिलेल्या प्रोग्रॅमचं भाषांतर बहुधा बाइटकोड या एकाच मधल्या भाषेत होतं. म्हणून एकाच कामात दोघी शेजारी नांदतात. बँका आणि विमा कंपन्यांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं कितीतरी काम जावात आहे. सुरळीत चाललेलं यंत्र केवळ फॅशनसाठी कोण मोडणार? सासूही शिकतेच आहे. २०१७ पासून दर सहा महिन्यांनी जावाची नवी आवृत्ती निघते, आणि तिच्यातलं लांबलचक लिखाणही कमी होत चाललं आहे.

थोडक्यात, आधी जावाचा पाया पक्का करावा. तो पक्का असेल, तर कोटलिन जड जात नाही, आणि मोबाइलचे अॅप करायचे असतील तर ती शिकावीच. नुसती कोटलिन शिकलेला मुलगा नोकरीत जुनं काम समोर आलं की अडखळतो.

फी भरण्यापूर्वी पालकांनी क्लासवाल्यांना एवढंच विचारावं: कोर्स संपेल तेव्हा मुलानं स्वतः काय तयार केलेलं असेल? उत्तर गुळमुळीत आलं, तर भाषा कुठलीही असो, दुसरा क्लास शोधावा.