व्हिडिओ संपला, प्रशिक्षण झालं?

व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की सरकारदप्तरी शिक्षक प्रशिक्षित! हे ढोंग आता थांबवा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. ही प्रशिक्षणं ‘पूर्ण’ कशी होतात ते मला ठाऊक आहे. मोबाइल चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू ठेवायचा, तोवर पोषण आहाराची नोंदवही भरायची. चाचणीची उत्तरं व्हॉट्सॲपवर आधीच फिरत असतात. संध्याकाळी निरोप येतो, ‘बाकी असलेल्यांनी आजच पूर्ण करावं, वरून यादी मागितली आहे.’ त्या यादीत कोण काय शिकलं याचा रकाना नसतो.

शिक्षकांसाठीचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोरच सुरू झालं होतं. २०२० मध्ये कोरोनामुळे ते ‘दीक्षा’ या ऑनलाइन पोर्टलवर गेलं. तेव्हा इलाज नव्हता, मान्य. पण शाळा कधीच्या उघडल्या, तरी लिंकांचा मारा चालूच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाला शिक्षकाचं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण हवं आहे, आणि तास मोजायला पोर्टलइतकं सोयीचं काही नाही.

पण तास भरले म्हणून शिकवणं सुधारत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी ‘दोनशे चार’ हे २००४ असं लिहिते. ती ऐकलं तसंच लिहिते, आधी दोनशे, मग चार. तिच्यापुढे शतकाच्या दोन पाट्या आणि चार सुटे ठोकळे मांडायचे, दशकाची जागा रिकामी आहे हे तिचं तिला दिसू द्यायचं. व्हिडिओत हे छान दाखवलेलं असतं. पण तिला विचार करायला मी पुरेसा वेळ दिला का, की उत्तर मीच सांगून टाकलं, हे वर्गात मागे बसलेलं माणूसच सांगेल.

आणि दूरशिक्षण म्हटलं की असंच असणार, ही सबब नको. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने सेवेतल्या शिक्षकांना दूरशिक्षणातूनच बी.एड. दिलं, तेही संपर्कसत्रं आणि सराव पाठांसह. पुस्तकं घरी येवोत, व्हिडिओही येवोत. पाठ बघणारं माणूस काढून टाकलंत, तर उरते फक्त हजेरी. पाठ बघण्याचं हे काम परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचं आहे. त्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या, जे आहेत त्यांना माहिती गोळा करायला जुंपायचं आणि गुणवत्ता घसरली म्हणून शिक्षकाला नोटीस धाडायची, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

पुढची लिंक पाठवण्याआधी ती पदं भरा. केंद्रप्रमुखांना माझ्या वर्गात पूर्ण तासिका बसू द्या, मग अर्धा तास माझ्याशी त्या पाठावर बोलू द्या. आणि तो वेळ त्या ५० तासांत धरा.